ती कावीळ नव्हती

चकलीच्या तळणाचा वास आला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझ्या डोळ्यांना सुटतं. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीच्या दिवसांत मी ओढणीनं डोळे पुसताना दिसले की "राजीचं सुरू झालं बघा," एवढंच म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात.

हे लिहायला शाळेतल्या बाईंनी मागे लागून लागून लावलं. आमच्या युसूफ वडगावात त्यांच्याकडे दहावी-बारावीची पोरं येतात. त्यातली काही अचानक गप्प होतात, जेवत नाहीत, आणि घरचे म्हणतात दृष्ट लागली, आळशी झाली, माजली. "तू यातून गेलीस ना, मग तू लिही," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मी काही शूरवीर नाही, माझ्या आजारापायी अख्खी गल्ली फसली. त्या म्हणाल्या, "मग तेच लिही."

तर तेच लिहिते.

*

आमचं किराणा दुकान आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, पहाटे पूजा करून कपाळाला विभूती लावून दुकानात बसतात ते रात्रीपर्यंत. मी दहावीत होते त्या वर्षांत दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, चौकात एसटीडीचा बूथ आला होता आणि बीडच्या भिंती क्लासच्या जाहिरातींनी रंगल्या होत्या. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आपलं लेकरू डॉक्टर झालं पाहिजे, नाहीतर इंजिनियर. मी दहावीला केंद्रात पहिली आले आणि माझं ठरलंच. आमच्या गल्लीतून बाहेरगावी सायन्सला गेलेली पहिली मुलगी मी. निघताना शेजारच्या शेवंताकाकूंनी माझी ओटी भरली आणि त्यांची मंगल, माझी जिवाभावाची मैत्रीण, एसटी हलेपर्यंत खिडकीला धरून उभी होती. ती नववीतच शाळा सोडून रानातल्या कामाला लागली होती. "डॉक्टरीण झालीस की मला फुकट तपासायचं बरं का," ती म्हणाली.

बीडला आम्ही चार मुली एका खोलीत राहायचो. आई रोज एसटीनं डबा पाठवायची. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे भरलेला डबा यायचा आणि परतीच्या गाडीनं धुतलेला रिकामा जायचा. मला डब्याची वाट बघायला फार आवडायचं. बारावीचं वर्ष लागलं आणि पावसाळ्यात कधीतरी ते आवडणं बंद झालं. कसं, कधी, मला सांगता येत नाही. झोप उडाली. एकच पान वाचत बसायचे आणि पान संपायचं नाही. क्लासमध्ये चाचणीचे मार्क भिंतीवर लावायचे, त्यात माझं नाव खाली खाली यायला लागलं. घास तोंडात फिरायचा. मग मी डबा खोलीमागच्या कुत्र्यांना घालायला लागले आणि घासूनपुसून रिकामा परत पाठवायला लागले.

आई चिठ्ठी पाठवायची, "भाजी आवडली वाटतं, सगळी खाल्लीस." ते वाचून मी संडासात जाऊन तोंड दाबून रडायचे. भाकरी थापताना तिची बोटं भाजतात आणि मी ती कुत्र्यांना घालते, असली अवलाद मी. त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही चालतच नव्हतं. गाडी उशिरा आली तरी माझा दोष, पाऊस पडला नाही तरी माझा दोष. हाच आजार होता हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, मी आजारी नाही, मी वाईट आहे.

*

खोलीच्या मालकीणबाईंनी शेवटी फोन केला आणि अप्पा दुकान बंद करून मला न्यायला आले. दुपारच्या वेळी दुकानाला कुलूप लावलेले अप्पा मी जन्मात पाहिले नव्हते. गावातल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. आईनं मीठमिरच्या ओवाळल्या. काही उपयोग होईना तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून अप्पा मला अंबाजोगाईला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर वयस्कर होते, आवाज एकदम हळू. झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, रडू येतं का विचारलं. मग म्हणाले, "बाळ, जगावंसं वाटतं का?"

मी म्हणाले, "न्हाई."

अप्पा शेजारीच बसले होते. त्यांच्यासमोर बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं, पण तोंडातून गेलं ते गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नैराश्य म्हणाले, आजार आहे म्हणाले, ताप येतो तसा हाही येतो, औषधानं आणि माणसांनी बरा होतो, काही दिवस इथं राहू द्या. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, हिला खायला काय चालंल?"

आज मला त्याचं हसू येतं. बिचाऱ्यांना एवढंच ठाऊक होतं. आजार म्हणजे पथ्य, आणि पथ्य सांगितलं की बापानं ते पाळायचं.

अप्पा कपडे आणायला गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले ते खाली मान घालून. माझ्याजवळ थांबलेल्या आईला म्हणाले, "एसटीत आपल्या गावचे भगवानराव भेटले. म्हणले, पोरगी पार पिवळी पडली हुती म्हणं, कावीळ हाय का? मी व्हय म्हणलं."

आई म्हणाली, "बरं केलंत."

मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. आमच्या घरात कधी कुणी खोटं बोललं नव्हतं. ते माझ्यामुळे सुरू झालं.

*

दवाखान्यातल्या दिवसांबद्दल लोकांना फार भलतंसलतं वाटतं, म्हणून सांगते. तिथं कुणी बांधून ठेवत नव्हतं. सकाळी सिस्टर यायच्या, गोळी द्यायच्या, तोंड उघडून दाखव म्हणायच्या. मग चहा. मग आई माझी वेणी घालायची. केसांचा पार गुंता झाला होता, आणि आई गुंत्याशी भांडायची, "निघतोस का न्हाई, मुडद्या!" तेवढा वेळ मला बरं वाटायचं. कारण तेवढा वेळ ती माझ्यावर नाही, गुंत्यावर रागवायची.

एकदा वेणी घालता घालता तिनं हळूच विचारलं, "राजे, बीडला तुला कुणी काही केलं का गं?"

"न्हाई गं."

"कुणी पोरगं..."

"न्हाई."

"मंग कावून झालं असं?"

कुणी छळलं असतं, नापास झाले असते, तर आईच्या हातात काहीतरी देता आलं असतं. माझ्याकडे कारणच नव्हतं. पोटभर खायला घालणारे आईबाप, आणि मी मरणाचं बोलते. आई रात्री खाली फरशीवर झोपायची. तिच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला की मला वाटायचं, मी नसते तर ही आत्ता घरी गादीवर झोपली असती.

*

घरी आले आणि गावाची माया सुरू झाली. मायेचा एवढा धाक वाटतो हे मला ठाऊक नव्हतं.

काविळीचं कसं असतं, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. कुणी उसाचा रस आणला, कुणी फुटाणे, कुणी पपई. भगवानराव स्वतः कुठल्याशा म्हाताऱ्याला घेऊन आले. त्यानं मुळ्यांच्या तुकड्यांची एक लहानशी माळ माझ्या डोक्यावर ठेवली. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत वाढत खाली उतरते म्हणे. आणि काय सांगू, उतरली की! आधी कानावर, मग गळ्यात, मग छातीवर. मला कावीळच नव्हती आणि माझी कावीळ उतरली. कित्येक महिन्यांनी मला हसू आलं ते तेव्हा, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

माळ उतरली तसे लोक म्हणायला लागले, झाली पोरगी बरी. मी तर अजून अंथरुणातून उठत नव्हते. मग आईला आणखी एक सांगावं लागलं, "वरची उतरली, पर पोटात ऱ्हायलीय अजून." दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "अप्पा, पोरीची कावीळ कशी हाय?" आणि अप्पा तूर मोजता मोजता म्हणायचे, "हाय, उतरायलीय." कपाळावर विभूती आणि तोंडात हे. माझी खोली दुकानाच्या मागेच, सगळं ऐकू यायचं. अप्पांनी जन्मात कुणाला मापात फसवलं नव्हतं.

आतल्या आत एकच चाललं होतं. हे सगळं माझ्यामुळे. आपण नसलो तर ह्यांचं सगळं सुरळीत होईल. मी हे इथं लिहिते कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या डोक्यात हेच चाललं असेल, तर त्याला कळू दे की हे वाक्य आजाराचं असतं, खरं नसतं. पण तेव्हा मला हे सांगणार कोण? ज्यांना सांगायचं त्यांना कावीळ सांगितलेली.

*

दिवाळी तोंडावर आली. मला एक गोष्ट खटकायला लागली. आमच्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लागून. एका घरात मिरची भाजली तर दहा घरांत ठसका लागतो. आणि दिवाळीच्या आठवड्यात मला कशाचाच वास येईना. ना चकलीचा, ना शेवेचा, साधा फोडणीचाही नाही. मला वाटलं, भूक गेली, झोप गेली, आता नाकही गेलं.

धनतेरसच्या दुपारी मंगल आली. तिचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख होती. गेवराईकडे चकलांब्याला देणार होते. हातात झाकलेली ताटली.

"उठ. उकडीची करंजी हाय. तेलाचा थेंब न्हाई. दात पडला तर म्या जबाबदार न्हाई."

करंजी खरंच दगड झाली होती. मी कुरतडत म्हणाले, "बाकीचं फराळाचं कधी करणार गं?"

"झालं की. मळ्यात केलं."

"मळ्यात?"

"मंग! काविळीला तळणाचा वास चालत न्हाई. आईनं सगळ्या बायांना सांगितलं, राजीपस्तोर वास जायला न्हाई पायजे. सकाळीच समद्या जणी बैलगाडीत कढया, पिठं घालून मळ्यात गेलतो. वाऱ्यानं चूल पेटंना, गयाबाईची शेव पार मातीत गेली. लई हासलो."

"आणि फोडणी?"

"फोडणी बी न्हाई. तू आल्यापासून गल्लीत कुणीच देईना. बाबा कुरकुरत्यात, बिनफोडणीचं वरण खाऊन तोंडाची चव गेली म्हणत्यात."

माझं नाक गेलं नव्हतं. गल्लीनंच माझ्यासाठी वास बंद केला होता. आणि मंगलची ही माहेरची शेवटची दिवाळी. लग्नाआधीच्या दिवाळीला लेकीच्या हातानं पहिली कढई घरच्या चुलीवर चढवायची, अशी आमच्याकडे रीत आहे. ती तिनं माझ्या नसलेल्या काविळीपायी मळ्यात, वाऱ्यात चढवली होती.

करंजी ताटलीत परत ठेवली. मी म्हणाले, "मंगल, मला कावीळ न्हाई. कधीच नव्हती."

"म्हंजी?"

मग मी सगळं सांगितलं. झोपेचं, कुत्र्यांना घातलेल्या डब्याचं, डॉक्टरांचं. जगावंसं वाटत नाही हेही सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग एकदम भडकली.

"मंग आमी बिनफोडणीचं कशापायी खाल्लं गं? म्या करंजी उकडत बसले, येडी का खुळी म्या? मला कावून सांगितलं न्हाईस? मला?"

आणि ताटली तिथंच टाकून निघून गेली.

मी पडून राहिले. आता गावभर होणार, अप्पांची अब्रू जाणार, मंगलही गेली. मला वाटलं, माझ्या दोषांच्या राशीवर हा शेवटचा.

*

थोड्याच वेळात शेवंताकाकूंचा आवाज दुकानातून आला. असा की रस्त्यावरची माणसं थांबली असतील.

"अप्पा! आमाला परकं समजलात व्हय?"

अप्पा काहीतरी पुटपुटले. मग त्यांचा आवाज नीट ऐकू आला. "वहिनी, पोरीची जात. उद्या लग्नाचं बघायचं. लोक येडी म्हणतील हो तिला."

"आन् मेली असती, तर शानी म्हणले असते का?"

तराजूचं पारडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मी अप्पांना रडताना ऐकलं. बापाचं रडणं भिंतीआडून ऐकणं, देवा, कुणावर ती वेळ येऊ नये.

नंतर काकू आत आल्या. मला वाटलं, आता माझी पाळी. त्यांच्या मागे मंगल, तिच्या हातात स्टोव्ह. त्यामागे गयाबाई, डोक्यावर कढई. काकूंनी आमच्या ओसरीवरच मांडामांड केली आणि मला म्हणाल्या, "कावीळ न्हाई ना? मंग तळणाचं काय वावडं? उठ, सोऱ्या धर."

मी म्हणाले, "काकू, मला उठवत न्हाई."

"मला बी सत्तर बाळंतपणं केल्यावानी कंबर दुखायलीय. बसून पाड."

मंगलनं काखेत हात घालून मला उठवलं. पहिली चकली पाडली ती वेडीवाकडी. मंगल बघत राहिली आणि शेवटी तिच्यानं राहवलं नाही. "ही चकली हाय का गोगलगाय?"

तेल तापलं. वास उठला. माझ्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेचना. आणि काकू तळता तळता म्हणाल्या, "रड. मीठ कमीच हाय पिठात."

त्या दिवशी आणखी एक झालं. सगळ्या उठायला लागल्या तशी गयाबाई आईजवळ सरकली आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "आमच्या दिनेशचं बी असंच हाय वो. दहावी नापास झाल्यापासून भिताडाला तोंड करून पडतोय. आमी करणी झाली म्हणून... कोण डॉक्टर त्ये?"

पाडव्यानंतर अप्पा पुन्हा दुकानाला कुलूप लावून अंबाजोगाईला गेले, दिनेशला घेऊन.

*

यानंतर मी टुणकन बरी झाले असं समजू नका. त्या वर्षी परीक्षेला बसलेच नाही. गोळ्या बराच काळ चालल्या. कुणी येडी म्हणायचं ते म्हणालंच, एक स्थळ आमच्या दारातून परत गेलं आणि अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. तेही माझ्यामुळे. गोळ्यांनी झोप आली, भूक आली, पण ही अपराधाची खोड काही पुरती गेली नाही.

फरक एवढाच पडला की एकटं पडायची सोय राहिली नाही. गल्लीतल्या बायांनी आपसात पाळ्या लावल्या. दुपारी कुणी ना कुणी यायचीच, निवडायचं सूप घेऊन. बोललंच पाहिजे असं नाही, शेंगा फोडत बसायचं. काकू दारातूनच ओरडायच्या, "गोळी घेतलीस का गं?" अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हळूहळू त्याची लाज गेली. मग आमच्या ओसरीवर संध्याकाळी दिनेश यायला लागला, त्याच्याबरोबर आणखी दोन पोरं, परीक्षा बुडालेली एक मुलगी. कॅरम खेळायचे, भांडायचे. कुणाला झोप नसली तर ते तिथं सांगता यायचं. अप्पा मधूनच पोत्यातले शेंगदाणे आणून ठेवायचे. दुकानात कुणी "पोरीची कावीळ?" विचारलं, की आता म्हणायचे, "कावीळ नव्हती. मनाचा आजार हाय. उतरायलाय."

पण मंगलची ती दिवाळी मला परत देता आली नाही. लग्नात मी तिच्या मागे करवली म्हणून उभी होते, आणि तिला तेवढंच म्हणाले, "तुझी कढई माझ्यामुळे..." ती म्हणाली, "गप ए, मेकअप जाईल माझा."

*

पुढच्या वर्षी मंगल पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली. मी दोन दिवस वाट बघितली, ती आमच्याकडे फिरकली नाही. आणि गल्लीभर चकल्यांचा वास सुटलेला असताना भिंतीपलीकडून, काकूंच्या घरातून, कशाचाच वास येईना.

मी दारात जाऊन विचारलं, "काकू, तुमची कढई?"

काकूंचं तोंड उतरलेलं. "मंगलला कावीळ झालीय गं. कुणाला बोलले न्हाई अजून. चकलांब्याहून तशीच आलीय. पार वाळली पोरगी."

आम्हाला परकं समजलात म्हणून ज्या काकू अप्पांवर तुटून पडल्या होत्या, त्या काकू. आपल्या लेकराच्या बाबतीत आपण सगळेच आंधळे.

मंगल आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिचा खांदा धरून तिला वळवलं. डोळ्यांखाली काळं, पण डोळे पांढरेशुभ्र.

"मंगल," मी म्हणाले, "कावीळ कुठंय गं?"

ती उठून बसली. मग म्हणाली, "झोप येत न्हाई राजे. कशातच जीव लागंना. सासरी काय सांगावं? तवा तुझंच आठवलं. म्हणलं, कावीळ म्हणलं की कुणी काही इचारत न्हाई."

तिला हे शिकवलं कुणी? आमच्याच घरानं. तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला.

"सांगू?" मी विचारलं. "काकूंना?"

बाहेर कुणाच्या तरी घरी शेव पडत होती, तेलाचा आवाज येत होता. मग तिनं माझा हात घट्ट दाबला आणि होकारार्थी मान डोलावली.

मी उठले आणि दारात उभी राहिले. अशी ओरडले की सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असणार.

"काकू, कढई चढवा! मंगलला कावीळ न्हाई!"